अर्धी गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो. तसं पाहिलं तर मला गोधडी म्हणायलाही तुम्ही कुरकुराल, कारण उशीच्या अभ्र्यापेक्षा मी फार मोठी नाही आणि माझ्या एका बाजूला काठच नाही. तिकडून मला कात्रीनं कापलेलं आहे. घरी येणारे पाहुणे मला उलटून-पालटून बघतात आणि विचारतात, "अशी अर्धीच का ठेवली?" मग घरातलं कुणीतरी चहाचं निमित्त करून उठतं. माझ्याविषयी कुणी धड बोलत नाही, म्हणून आज मीच सांगायचं ठरवलं.

नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या एका घराच्या ओट्यावर मला कडूबाईनं शिवलं. नाव ऐकून हसू नका. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. ही तरी वाचावी, हिला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून आईबापांनी मुद्दाम असं नाव ठेवलं. तिला नवं झबलंसुद्धा शिवलं नाही. शेजारच्या घरांतून जुनेर मागून आणलं आणि त्यात गुंडाळलं. पोर जगली. हे ऐकत वाढलेल्या कडूबाईच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, काही आणायचं नाही आणि फार बोलायचंही नाही.

पण तिची एकुलती एक लेक दिपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि कडूबाईचा सगळा नेम हवेत उडाला. दिपालीला तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरात दिली होती. नवरा अमृत भाताची खाचरं करायचा, गरीब स्वभावाचा माणूस. लेकीचं पोट बघून कडूबाईला इतका आनंद झाला की दुपारची भांडी तशीच टाकून तिनं पेटी उघडली. धुऊन धुऊन मऊ झालेलं आपलं हिरवं लुगडं काढलं आणि आत घालायला नवऱ्याचं, म्हणजे सूर्यभानचं धोतर फाडलं. त्या दोन कापडांची मी झाले. बारीक धावदोऱ्याचे टाके घालता घालता ती स्वतःशीच हसायची.

त्या घरात गोधडी शिवायची एक रीत आहे. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत ज्वारीचे थोडे दाणे टाकायचे. त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी राहिली की तिच्यात झोपणाराही उपाशी राहतो, असं कडूबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं. कडूबाईनं माझ्या कोपऱ्यात घास घातला, तोंड शिवलं आणि दाताने दोरा तोडला. त्या दिवशी मी फार तोऱ्यात होते, मित्रांनो. घरात माझं कौतुक चाललं होतं. गावातली आशा सेविका ज्योतीताई दवाखान्याची पिशवी भरायला सांगून गेली होती, आणि त्या पिशवीत टोपड्यांच्याही वर, सगळ्यांत वर, मला ठेवलं होतं.

पुढचं सांगायला मला जड जातं. तालुक्याच्या दवाखान्यात दिपालीला मुलगा झाला, पण तो रडला नाही. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ धडपड केली. मग त्यांनी त्याला माझ्यात गुंडाळलं आणि कडूबाईच्या हातात दिलं. "आजी, नाळेचा पीळ बसला होता. यात कुणाचीच चूक नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या. कडूबाईनं मान हलवली. पण मी तिच्या छातीशी होते आणि तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मला कळत होतं. तिनं चूक कुणाची ते तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिनं मला आधी शिवलं होतं, म्हणून बाळ गेलं.

एवढ्या लहान लेकरांना पुरतात. सूर्यभान त्याला घेऊन शेताकडे निघाला तेव्हा कडूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "हिला बी त्याच्यासंगं जाऊ द्या. पुन्हा घरात नको."

पण बांधावरच्या करंजाखाली खड्डा खणून झाल्यावर सूर्यभाननं मला सोडवलं. स्वतःच्या डोक्याचं उपरणं काढून त्यात बाळाला गुंडाळलं आणि माझी घडी करून सदऱ्यात घातली. घरी येऊन त्यानं मला गोठ्याच्या माळ्यावर रिकाम्या गोण्यांखाली सारलं. बायकोला त्यानं काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

मी तिथं दोन वर्षं पडून राहिले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, नशीब की तो घासाचा नव्हता. मी जन्मले कशासाठी आणि पडले कुठं, याचं मला फार वाईट वाटायचं. अपशकुनी वस्तूला कुणी फेकतही नाही आणि वापरतही नाही. कधीतरी धार काढून झाल्यावर सूर्यभान मला खाली काढायचा, जरा वेळ हातात धरून बसायचा आणि परत ठेवून द्यायचा. दिपाली सासरी गेली. घरात त्या मुलाचा विषय कुणी काढत नव्हतं. त्याला नावच नव्हतं, तर कुणी कशानं हाक मारणार?

मग दिपाली पुन्हा माहेरी आली, पुन्हा सातव्या महिन्यात. या वेळी कडूबाईनं घर असं ठेवलं की जणू लेक चार दिवस भेटायला आली आहे. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, वात धरलाय तिला." ज्योतीताई येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, पिशवी भरून ठेवा. कोरडी कापडं ठेवा, टोपडं ठेवा, आणि गाडी कुणाची ते आत्ताच बोलून ठेवा. ऐन वेळी पळापळ होते."

"एकदा भरली हुती पिशवी," कडूबाई म्हणाली.

"अहो, त्याचा याचा काय संबंध?"

"तुला न्हाई कळायचं. तू च्या घे." एवढं बोलून ती चुलीकडे गेली ती ज्योतीताई निघून जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, मला तर रडूच येतं. त्याच दिवसांत गोठ्यातली गाय व्यायला झाली होती. तिच्यासाठी मात्र महिनाभर आधीपासून तयारी चालली होती. उसाच्या फडातून पाचट आणून तिच्याखाली जाड अंथरलं होतं. बाजरी दळून ठेवली होती, गूळ आणला होता, वासरू पुसायला गोणपाटं धुऊन वाळत घातली होती. जनावराच्या डॉक्टरला कडूबाईनं स्वतः फोन करून सांगून ठेवलं होतं. गाय व्याली ती थंडीतल्या सकाळी. गोणपाटं भिजून गेली तरी वासरू कुडकुडत होतं, म्हणून सूर्यभाननं माळ्यावर हात घातला आणि जे हाताला लागलं ते खाली ओढलं. ती मी होते.

त्यानं मला क्षणभर बघितलं. मग मलाच घेऊन वासरू खसाखसा पुसलं. मित्रांनो, माझ्या अंगाला लागलेला तो पहिला जिवंत जीव. ते धडपडत उठलं आणि आईच्या कासेला लागलं, तेव्हा मला वाटलं, मी तेवढी वाईट नसेन.

गरम पाण्याची बादली घेऊन दिपाली गोठ्यात आली आणि माझा हिरवा काठ बघून जागीच थांबली. सूर्यभान एवढंच म्हणाला, "तुझ्या आईला सांगू नको."  दिपालीनं मला उकळत्या पाण्यात साबण टाकून धुतलं, उन्हात वाळवलं, परत धुतलं आणि आपल्या साड्यांच्या घडीत लपवलं. संध्याकाळी कडूबाई गाईला बाजरीचं आंबोण चारत होती तेव्हा दिपाली गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, गाईसाठी पाचट आनलंस, गूळ आनलास, डॉक्टरला सांगून ठिवलंस. माझ्यासाठी काय ठिवलंस?"

"गाय येगळी," कडूबाई तिच्याकडे न बघता म्हणाली.

"व्हय, गाय येगळी. तिचं वासरू जगंल असं तुला वाटतं."

कडूबाईच्या हातातलं आंबोणाचं घमेलं खाली टेकलं.  पण दुसऱ्या दिवशीही तिनं पिशवी भरली नाही, कारण भीती अशी बोलल्यानं जात नाही.

कळा आल्या त्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. गावातल्या झाडून सगळ्या पिकअप आणि जिपा जनावरं भरून बाजाराला गेल्या होत्या. सूर्यभानही गेला होता. गाडी कुणाशी बोलून ठेवलेली नव्हती. कडूबाई अनवाणी या दारातून त्या दारात फिरली. शेवटी ज्योतीताईनं फोन करून सरकारी रुग्णवाहिका बोलावली. ती लांबून यायची होती. आली तेव्हा दिपाली ओट्याचा खांब धरून उभी होती, आणि तिच्या काखेत मी होते. घाईत कडूबाईनं मला पाहिलंच नाही.

उसाचे दिवस होते. कारखान्याच्या रस्त्याला उसानं भरलेले ट्रॅक्टर लागले होते, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. रुग्णवाहिकेनं कितीही भोंगा वाजवला तरी ते बिचारे बाजूला घेणार कुठं? त्या रांगेतच, ऊन उतरताना, दिपालीला मुलगी झाली. गाडीतलं कापड बाळ पुसण्यातच भिजून गेलं. गाडीतले डॉक्टर हात पुढं करून ओरडले, "कोरडं कापड द्या! लवकर!"

कडूबाईचे हात रिकामे होते. तिचा पदर भिजला होता. ती नुसती इकडंतिकडं बघत राहिली. दिपालीनं मला काखेतून ओढून पुढं केलं.

कडूबाईनं मला ओळखलं. "ही न्हाई! ही कुठनं आली गं? ही नको, डॉक्टर, ही नको वो!"

"आजी, बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बाळाला माझ्यात गुंडाळलं.

मला तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? पुन्हा तसंच इवलं अंग माझ्यात होतं, आणि ते गार होतं. मी अंग आवळून घेतलं, म्हणजे गोधडीला जेवढं आवळता येतं तेवढं. मग आवाज आला, अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखा. पण आला. कडूबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. आवाज आला नाही तर ते कळू नये म्हणून तिनं कान झाकले होते, आणि त्यामुळे आवाज आलेलाही तिला कळला नाही. दिपालीनं तिचे हात ओढून काढले तेव्हा तिला कळलं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीचे पाय निळसर पडले होते. तिथल्या सिस्टर भराभर विचारत होत्या, "टोपडं कुठंय? पायमोजे? दुसरं दुपटं? काहीच कसं आणलं नाही, मावशी? पहिलंच आहे का?"

 स्ट्रेचरवरून दिपाली म्हणाली, "दुसरं हाय. पहिला मुलगा हुता." एवढ्या दिवसांत हे वाक्य कुणी मोठ्यानं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला कडूबाईच्या हातात परत दिलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. मला मांडीवरही घेईना आणि खालीही ठेवीना. मागच्या वेळी सगळं आधी केलं म्हणून बाळ गेलं असं ती समजत होती, आणि या वेळी काहीच केलं नाही म्हणून बाळ गार पडलं हे तिला दिसत होतं. बिचारीला दोन्हीकडून मार बसला होता. तेवढ्यात बाजारातून परस्पर सूर्यभान आला, धुळीनं माखलेला. तिनं मला त्याच्यापुढं धरलं.

"त्याला उघडंच ठिवलं तुमी?"

"न्हाई गं. माझ्या उपरन्यात गुंडाळला हुता."

"मी म्हनले हुते, हिच्यात जाऊ द्या."

सूर्यभान तिच्या शेजारी बसला. "त्याचं म्हनून येवढंच हुतं घरात. त्ये बी मातीत घालायचं व्हय? माझ्याच्यानं झालं न्हाई."

"दरसाल थंडी पडली की मी सोताला सांगायचे," कडूबाई म्हणाली, "आपल्या हातचं कायतरी त्याच्या अंगावर हाय. तेवढ्यावर मी झोपायचे." मग तिनं माझ्यात तोंड खुपसलं आणि ती रडली. दोन वर्षांचं राहिलेलं रडणं होतं ते, लवकर थांबलं नाही. सूर्यभान नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून बसला.

पोर वाचली. सिस्टरनं दिपालीला शिकवलं, की बाळाला उघड्या छातीशी धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. ते पांघरूण मी होते. हळूहळू तिचे पाय गुलाबी झाले, ती दूध ओढायला लागली, आणि एक दिवस आम्ही सगळे घरी आलो.

आता सगळं गोड झालं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही, मित्रांनो. घरात बाळ आलं की नुसता आनंदच येतो असं सांगणाऱ्यांनी बाळाच्या गोधडीला विचारावं. पोर दिवस मावळला की रडायला लागायची आणि कशानंही थांबायची नाही. दिपालीचे डोळे खोल गेले होते. कधी कधी बाळ रडत असायचं आणि ती भिंतीकडं बघत बसलेली असायची. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, पण ते पुसायचं तिच्या ध्यानात नसायचं. कडूबाई लेकीला डिंकाचे लाडू करून घालायची, पोरीला तेल लावायची, न्हाऊ घालायची, कामात कुठं कमी पडायची नाही. पण पोरीला घटकाभर मांडीवर घेऊन खेळवायची नाही. ती झोपली की नाकापुढं बोट धरून श्वास बघायची, आणि थोड्या वेळानं परत बघायची. मला धुताना मात्र फार हळू पिळायची.

बारावा दिवस कधीच होऊन गेला होता, पण बारशाचं नाव निघत नव्हतं. अमृत अकोल्याहून आला. येताना घरचा तांदूळ आणि अस्वलांची चित्रं असलेलं नवंकोरं ब्लँकेट घेऊन आला. त्यानं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, नाव काय ठेवायचं?"

"ऱ्हाऊ द्या," कडूबाई म्हणाली. "वरीस जाऊ द्या. नावाची काय घाई हाय?"

दिपाली बाळाला पाजत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला दोघांची नावं ठिवायचीत."

"कोन दोघं?"

"हिचं ज्ञानेश्वरी. त्याचं पार्थ. मी तवाच ठरवलं हुतं. कुनी विचारलंच न्हाई मला."

अमृतनं मान खाली घातली. सूर्यभान खांबाला टेकून उभा होता, तो तसाच खाली बसला. कडूबाई उठून आत गेली. मला वाटलं, आता हिनं पुन्हा तोंड फिरवलं. पण ती बाहेर आली ती हातात कात्री घेऊन. तिनं बाळावरून मला अलगद काढलं, बाळाला नवं ब्लँकेट पांघरलं आणि ओट्यावर जाऊन बसली. जिथं मला शिवलं होतं, तिथंच.

कात्री चालली तेव्हा दुखलं का, असं विचाराल. दुखलं. धावदोरे एकेक करून सुटत गेले आणि मी दोन झाले. कडूबाईनं दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या कडा दुमडून शिवल्या. मग ती थांबली. घासाचा कोपरा एकाच तुकड्याला आला होता. तिनं घरातून ज्वारीचे दाणे आणले आणि दुसऱ्या तुकड्याचा कोपरा उसवून त्यात नवा घास भरला. तो नव्या घासाचा तुकडा तिनं ज्ञानेश्वरीच्या अंगावर ठेवला. तीच मी, जी तुमच्याशी बोलते आहे.

दुसरं अर्धं घेऊन ती शेताकडे निघाली. या खेपेला सूर्यभान तिच्या मागून चालत होता आणि दिपालीही हळूहळू येत होती. करंजाखाली कडूबाईनं खुरप्यानं माती उकरली आणि माझं ते दुसरं अर्धं तिथं अंथरलं. सारखं केलं. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून आपण हात फिरवतो तसा फिरवला. "थंडी लई हाय, पार्था," ती म्हणाली. "उशीर झाला रं आजीला." मग तिनं माती लोटली. घरी आल्यावर तिनं ज्ञानेश्वरीला आपणहून उचललं आणि मांडीवर घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल तर त्याच्यासाठी एक मऊ कापड धुऊन, वाळवून आधीच ठेवा. आईची पिशवी भरून ठेवा. कापडानं कुणाचं वाईट होत नाही, हे मी कापड असून सांगते आहे. आणि एखादं बाळ येऊन गेलं असेल, तर त्याला नाव द्या आणि त्या नावानं त्याच्याविषयी बोलत जा. त्याची वस्तू लपवू नका.

माझं मेलीचं काय, मी आता विरत चालले आहे. ज्ञानेश्वरी रांगायला लागली आहे आणि माझा कोपरा चोखत झोपते, त्यातला नवा घास तिचा आहे. तिकडं करंजाखाली मातीत जो घास गेला, तो कडूबाईनं मला पहिल्यांदा शिवताना हसत हसत घातलेला होता. तो पार्थचाच होता. त्याला तो उशिरा मिळाला.